गार पाणी आणि हृदयाची लय

पौष महिना लागला कीं पुष्कळ घरांत एक जुना वाद नव्यानें सुरू होतो. आजोबांना पहाटेचें स्नान गार पाण्यानेंच करावयाचें असतें, आणि सूनबाई त्यांच्या नकळत बादलींत गीझरचें ऊन पाणी मिसळून ठेवतात. अलीकडे ह्या वादांत तिसरा पक्ष शिरला आहे. नातवानें मोबाइलवर परदेशांतील खेळाडूंना बर्फाच्या पाण्यांत गळ्यापर्यंत बसलेले पाहिलेलें असतें. तो फ्रिजमधला सगळा बर्फ टबांत ओतून त्यांत बसतो आणि आजोबांचीच बाजू घेतो. आजा-नातवाचा असा एकोपा इतर कोणत्याहि बाबतींत आम्हीं पाहिलेला नाहीं.

ह्या वादाचा निकाल देण्याचा आमचा अधिकार नाहीं. आम्हीं जन्मभर मुलांना संधि व समास शिकविले, वैद्यकी नव्हे. परंतु गार पाणी अंगावर येतांच हृदयाच्या ठोक्यांचें काय होतें, ह्याविषयीं शरीरशास्त्रज्ञांनीं जें शोधून काढलें आहे तें वाचतांना आम्हांस असें दिसून आलें कीं, 'गार कीं ऊन' एवढ्यावर हा प्रश्न संपत नाहीं. पाणी कोणाच्या अंगावर पडतें, किती एकाएकीं पडतें, आणि त्या क्षणीं श्वास चालू आहे कीं कोंडलेला, ह्या तीन गोष्टींवर पुष्कळ कांहीं अवलंबून असतें. आणि ह्या तिन्ही आपल्या हातांतल्या आहेत.

प्रथम हृदयाची घडण थोडक्यांत पाहूं. हृदयाचे कप्पे चार. वरच्या दोहोंस आपल्या पाठ्यपुस्तकांत अलिंद म्हणतात व खालच्या दोहोंस निलय. हीं नांवें ज्या कोणीं योजिलीं त्यास आम्ही मनोमन नमस्कार करितों. अलिंद म्हणजे घराच्या दारापुढील ओसरी, आणि निलय म्हणजे खुद्द राहतें घर. बाहेरून आलेलें रक्त आधीं ओसरीवर टेकतें व मग आंत जातें. उजव्या ओसरीच्या वरच्या भागांत पेशींचा एक लहानसा पुंजका आहे. आर्थर कीथ व मार्टिन फ्लॅक ह्या दोघां ब्रिटिश संशोधकांनीं त्याचें वर्णन १९०७ सालीं प्रसिद्ध केलें. निरोगी माणूस स्वस्थ बसलेला असतां ह्या पुंजक्यांतून मिनिटास साठ ते शंभर वेळां विजेची एक बारीक लहर निघते, दोन्ही ओसऱ्यांवर पसरते, मधल्या उंबरठ्यावर क्षणभर थबकते, आणि मग निलयांत उतरते. आपण ज्यास ठोका म्हणतों तो ह्या लहरीच्या मागून येतो.

ही लहर कागदावर उमटविण्याची युक्ति लायडन येथील विल्लेम आइंथोव्हेन ह्यांनीं विसाव्या शतकाच्या आरंभीं सिद्ध केली. त्याबद्दल त्यांस १९२४ सालचें नोबेल पारितोषिक मिळालें. त्यांच्या मूळ यंत्रापुढें रोग्यास बसवून त्याचे दोन्ही हात व डावा पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून ठेवीत असत. आजचें ईसीजी म्हणजे त्याच यंत्राचा सुटसुटीत वंशज होय.

पुंजका आपल्या चालीनें चालतो, तथापि त्याच्यावर दोन मज्जांची सत्ता असते. एक अनुकंपी. ती ठोके वाढविते. धांवतांना, घाबरल्यावर, रागावल्यावर तिचा अंमल. दुसरी व्हेगस, म्हणजे आपल्या परिभाषेंतील प्राणेशा. ती ठोके मंद करिते. लॅटिनमध्यें व्हेगस म्हणजे भटकी. आणि मेंदूपासून निघून गळा, छाती व पोट असा तिचा दूरवरचा संचार पाहतां तें नांव साजतेंहि. सामान्यतः एकीनें जोर केला कीं दुसरी मागें सरते. ह्या समजूतदारपणावर हृदयाचा संसार सुरळीत चालतो. गार पाण्यांत बुडी मारली असतां हीच समजूत मोडते.

तें कसें, तें पाहूं. गार पाणी छातीपाठीवर आलें कीं त्वचेंतील थंडी ओळखणारे तंतू एकदम जागे होतात. माणूस आपोआप आ वासून एक मोठा श्वास ओढतो, मग धापा टाकूं लागतो; त्वचेखालच्या रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो, आणि अनुकंपीच्या हुकमानें हृदय दौडूं लागतें. शास्त्रज्ञ ह्यास शीताघात म्हणतात. हा अर्ध्या मिनिटांत शिगेस पोंचतो आणि दोन-तीन मिनिटांत ओसरतो. आमच्याकडे बर्फ कोठें पडतो, असें कोणी म्हणेल. पण शीताघातास बर्फ लागत नाहीं. पाणी पंचवीस अंशांच्या खालीं गेलें कीं त्याचा आरंभ होतो, आणि दहा ते पंधरा अंशांच्या पाण्यांत तो पूर्ण जोर करितो. पुण्या-नाशकाकडे पौष-माघांत गच्चीवरच्या टाकींतील पहाटेचें पाणी पंचवीस अंशांवर राहत असेल असें आम्हांस वाटत नाहीं. पहिला तांब्या पडतांच तोंडून जो 'हर हर गंगे'चा घोष निघतो, त्यांत भक्ति किती व गारठा किती हें ज्यानें त्यानें ठरवावें. मात्र त्या घोषाविषयीं पुढें आणखी एक गोष्ट सांगावयाची आहे.

आतां दुसरा हुकूम. पाण्यांत चेहरा बुडाला आणि श्वास कोंडला कीं कपाळ, डोळे व नाक ह्यांच्या भोंवतालच्या मज्जा मेंदूस वर्दी देतात, आणि मेंदू व्हेगसकरवीं हृदयास सांगतो कीं सावकाश चाल, प्राणवायू जपून वापर. पॉल बेर ह्या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८७० च्या सुमारास बदकांमध्यें हा प्रकार नोंदविला. पुढें १९४० च्या सुमारास पेर शोलांडर ह्यांनीं सील नांवाच्या समुद्रप्राण्यांचा अभ्यास केला. पाण्याखालीं गेल्यावर सीलच्या हृदयाचे ठोके शंभराच्या घरांतून मिनिटास दहाच्या आसपास येऊन ठेपतात. माणसांत ही शक्ति फार थोडी उरली आहे. आपले ठोके शेंकडा दहापासून पंचवीसपर्यंतच काय ते उतरतात. पाणी जितकें गार तितका हा परिणाम अधिक.

म्हणजे गार पाण्यांत डोक्यासकट बुडी मारणाऱ्याच्या हृदयास एकाच क्षणीं दोन हुकूम पोंचतात. त्वचा म्हणते धांव. चेहरा म्हणतो थांब. पोर्टस्मथ येथील मायकेल टिप्टन व लंडन येथील मायकेल शॅटॉक ह्या दोघां प्राध्यापकांनीं २०१२ सालीं एका निबंधांत ह्या प्रकाराची सविस्तर मांडणी केली. तरुण व धडधाकट माणसें डोकें बाहेर ठेवून व श्वास चालू ठेवून गार पाण्यांत उतरलीं असतां त्यांच्यापैकीं शंभरांत एक ते तिघांच्याच ठोक्यांत अनियमितपणा दिसतो. तींच माणसें श्वास कोंडून डोक्यासकट बुडालीं, तर हें प्रमाण शंभरांत साठ ते ऐंशींवर जातें. पाण्यांत फरक नाहीं, माणसांत नाहीं. फरक तेवढा चेहऱ्याचा व श्वासाचा. विशेष असें कीं, चुकार ठोके बहुधा कोंडलेला श्वास सोडतांच पुढच्या दहा सेकंदांत येतात. म्हणजे माणूस पाण्यावर येऊन 'सुटलों' म्हणतो त्याच वेळीं.

हें वाचून कोणी घाबरूं नये. ह्या चुकार ठोक्यांपैकीं बहुतेक निरुपद्रवी असतात, आणि ज्याचे ते चुकतात त्यास पत्ताहि नसतो. प्रश्न निर्माण होतो तो ज्याचें हृदय आधींच कांहीं कारणानें नाजूक झालें आहे त्याच्याबाबतींत.

आमच्या परिचयाचे एक गृहस्थ आहेत. वय अडुसष्ट, बँकेंतून निवृत्त झालेले. वाईस कृष्णेच्या घाटावर माघस्नान करण्याचा त्यांचा नेम. तीन वर्षांपूर्वीं एका पहाटे नेहमींप्रमाणें तीन बुड्या मारून ते वर आले, तों छातींत एखादें पांखरूं अडकून फडफडावें तसें त्यांस झालें. पायरीवर बसून त्यांनीं स्वतःची नाडी धरली. ती कधीं दोन ठोके लागोपाठ देई, कधीं एक गाळी. त्यांत ताल म्हणून नव्हता. दुपारपर्यंत वाट पाहून शेवटीं मुलानें त्यांस साताऱ्यास नेलें. (ही वाट पाहणें आम्हांस मुळींच पसंत नाहीं, पण घाटावर चार माणसें जमलीं कीं पांच निदानें होतात, आणि त्यांत पित्ताचें निदान नेहमीं बाजी मारतें.) ईसीजीवरून डॉक्टरांनीं अलिंदांचें कंपन, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन, असल्याचें सांगितलें. संध्याकाळपर्यंत लय आपोआप जागेवर आली. परंतु तपासणींत निघालें तें असें कीं, गृहस्थांचा रक्तदाब कित्येक वर्षांपासून चढलेला होता व डावा अलिंद ताणून मोठा झाला होता. डॉक्टर म्हणाले, "पाण्यानें फक्त काडी ओढली, सरपण तुमच्याकडे पुष्कळ वर्षें सांठत होतें."

ह्या विकारांत पुंजक्याचें राज्यच जातें. ओसरीवर एका यजमानाच्या जागीं शेंकडों आगंतुक एकदम बोलूं लागावेत, तसे अलिंदांच्या भिंतींतून मिनिटास साडेतीनशें ते सहाशें विस्कळित लहरी उठतात. मधला उंबरठा त्यांतील पुष्कळशा अडवितो म्हणून माणूस जगतो; पण जेवढ्या पलीकडे जातात त्या वेडावांकड्या जातात. थरथरणाऱ्या ओसरींत रक्त साकळतें, गुठळी होते, आणि ती मेंदूकडे गेली तर पक्षाघात. ह्या विकारांत पक्षाघाताचा धोका सुमारें पांचपट असतो. वयाबरोबर विकार वाढतो. पाश्चात्त्य देशांत ऐंशी वर्षांपुढील शंभर माणसांत दहाच्या आसपास लोकांस तो आढळतो.

व्हेगसचा ह्यांत काय हात, असें कोणी विचारील; ती तर ठोके शांत करणारी. पण प्रत्येक लहरीनंतर अलिंदांच्या पेशी थोडा विसावा घेतात, व्हेगस तो विसावा आंखूड करिते, आणि तोहि सर्वत्र सारखा नव्हे. एका कोंपऱ्यांतल्या पेशी जाग्या व शेजारच्या अद्याप निजलेल्या, अशा स्थितींत एखादी चुकार लहर त्यांच्यामधून वाट काढीत गोल गोल फिरूं लागते. फ्रेंच हृद्रोगतज्ज्ञ फिलिप कुमेल ह्यांनीं असे रोगी पाहिले कीं ज्यांचें कंपन श्रमानें सुरू न होतां रात्रीं झोंपेंत किंवा पोटभर जेवणानंतर, म्हणजे व्हेगसच्या अमलांतच सुरू होई.

ह्याच कारणास्तव कांहींजणांस गार पाण्याच्या पेल्यानेंहि त्रास होतो. अन्ननलिका छातींतून उतरतांना डाव्या अलिंदाच्या अगदीं पाठीला लागून जाते. उन्हांतून किंवा व्यायामाहून आल्यावर बर्फाचें पाणी घटाघट प्यालों आणि छाती फडफडूं लागली, असें सांगणारे रोगी डॉक्टरांना भेटतात, आणि अशा हकीकती वैद्यकीय मासिकांतून प्रसिद्धहि झाल्या आहेत. सर्वांस असें होत नाहीं. बहुतेकांस होतच नाहीं. पण ज्यास हें एकदां झालें त्यानें पेला थांबत थांबत, घोंट घोंट घ्यावा, फ्रिजऐवजीं माठाचें पाणी घ्यावें, हें सांगावयास मोठ्या वैद्याची गरज नाहीं. उन्हांतून आलेल्या पाहुण्यापुढें आधीं गुळाचा खडा व मग पाणी ठेवण्याची आपल्याकडील रीत आम्हांस प्रिय आहे. गूळ चघळीपर्यंत माणूस दम खातो. आपल्या पूर्वजांस व्हेगस ठाऊक होती असें सिद्ध करणाऱ्या विद्वानांची हल्लीं वाण नाहीं. आम्ही त्यांच्यांतले नव्हे. रीत चांगली आहे, एवढें आम्हांस पुरे.

वृद्धांपेक्षां अधिक काळजी वाटावी असा आणखी एक वर्ग आहे, आणि तो मुलांचा आहे. कांहीं कुटुंबांत एक जन्मजात दोष चालत येतो, त्यास लाँग क्यूटी म्हणतात. ठोका पडून गेल्यावर हृदयाच्या पेशींस पूर्वस्थितीवर येण्यास लागावा त्याहून अधिक वेळ लागतो; कारण पोटॅशियम बाहेर सोडणारीं पेशींची सूक्ष्म दारें नीट उघडत नाहींत. अशीं मुलें दिसण्यांत ठणठणीत असतात. ह्या दोषाच्या पहिल्या प्रकारांत धोक्याचा प्रसंग विशेषेंकरून पोहण्याचा असतो. चांगलें पोहणारें मूल पाण्यांत एकाएकीं निपचित होतें, आणि लोक म्हणतात, पायांत गोळा आला असेल. म्हणून ज्या घरांत कोणी पट्टीचा पोहणारा विनाकारण बुडाला असेल, तरुणपणीं कोणी अकस्मात् गेला असेल, किंवा पळतांना-पोहतांना कोणास घेरी आली असेल, त्या घरच्या मुलांचा ईसीजी पोहण्याच्या वर्गांत नांव घालण्यापूर्वीं काढून घ्यावा. एका ईसीजींत दोष प्रत्येक वेळीं दिसतोच असें नाहीं, म्हणून घरांतला इतिहास डॉक्टरांस तोंडानें सांगणेंहि अवश्य. ह्या प्रकारावर बीटा ब्लॉकर जातीचीं औषधें चांगलीं लागू पडतात.

आणि आतां गंमत पाहा. ठोके एकदम दीडशें-दोनशेंवर नेणारा एक वेगळा विकार आहे. त्यांत लहर उंबरठ्याशीं वर्तुळांत अडकून पडते. तो थांबविण्यासाठीं डॉक्टर जे साधे उपाय करितात, त्यांत बर्फाच्या पाण्यांत कांहीं सेकंद चेहरा बुडविणें हा एक आहे. तान्ह्या मुलांच्या चेहऱ्यावर बर्फाची पिशवी क्षणभर ठेवितात. व्हेगस जागी होते, उंबरठा बंद करिते, आणि वर्तुळ तुटतें. एकाच पाण्याचे असे दोन गुण! मात्र अलिंदांच्या कंपनावर हा उपाय चालत नाहीं, आणि कोणता विकार आहे हें बोटांनीं नाडी पाहून घरीं ठरवितां येत नाहीं. तेव्हां आपल्या मनानें कोणी बादलींत तोंड घालूं नये.

आमच्या त्या गृहस्थांकडे वळूं. रक्त पातळ ठेवणारी व दाबाची अशीं औषधें सुरू झाल्यावर त्यांनीं आम्हांस विचारलें, "मास्तर, इतक्या वर्षांचा नेम. आतां मोडूं म्हणतां?" डॉक्टरांनीं बुडी बंद केली होती, आणि त्यावर आम्हीं बोलण्यासारखें कांहीं नव्हतें, पण नेम मोडतो कीं नाहीं हा प्रश्न आमच्या शास्त्रांतला होता. धर्मशास्त्रांत स्नानें सात सांगितलीं आहेत: मांत्र, भौम, आग्नेय, वायव्य, दिव्य, वारुण आणि मानस. पाण्यांत अवगाहन करणें हें त्यांतील एक, वारुण. मंत्र म्हणून अंगावर पाण्याचे थेंब शिंपडणें हें मांत्र. भस्म लावणें हें आग्नेय. आणि नुसतें विष्णुचिंतन हें मानस. ओल्या वस्त्रानें अंग पुसणें, ज्यास कापिल स्नान म्हणतात, तेंहि अशक्तासाठीं सांगितलेलें आहे. ज्यांनीं हे नियम बांधिले त्यांच्या घरींहि म्हातारीं व आजारी माणसें असलींच पाहिजेत. वैद्यकाकडे पाहावें तर वाग्भटानें अष्टांगहृदयांत ऊन पाणी गळ्याखालच्या अंगास बलकारक म्हटलें आहे, आणि डोक्यावर घेतल्यास तें केस व डोळे ह्यांस अहितकारक. अजीर्ण, अतिसार, पडसें असलेल्यास व नुकत्याच जेवलेल्यास त्यानें स्नानच वर्ज्य केलें आहे. त्या यादींत हृद्रोग नाहीं, हेंहि प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. गृहस्थ आतां घरीं कोमट पाण्यानें स्नान करून माघांत घाटावर जातात व मार्जन करून परततात.

ज्यांचें हृदय डॉक्टरांनीं निर्दोष ठरविलें आहे आणि ज्यांस गार पाणी आवडतें, त्यांस तें सोडा असें आम्ही म्हणणार नाहीं. शरीर थंडीस सरावतें. तीन-तीन मिनिटांच्या पांच-सहा बैठकींनींच शीताघाताचा जोर निम्म्यावर येतो, असें प्रयोगांत दिसून आलें आहे. कार्तिकस्नान आश्विन पौर्णिमेस सुरू होतें तेव्हां पाण्यास फारसा गारवा नसतो. तेव्हांपासून रोज गार पाणी घेणारा माघापर्यंत हळूहळू तयार होतो. मार्गशीर्षापर्यंत गीझर आणि मग एके दिवशीं अचानक बर्फाचा टब, हा नातवाचा मार्ग त्याच्या उलट आहे. पाणी आधीं पायांवर घ्यावें, मग हातांवर, मग छातीपाठीवर. डोकें व चेहरा ह्यांची पाळी दोन-तीन मिनिटांनीं, धाप थांबल्यावर. बुडी मारून श्वास कोंडण्याची पैज मुलांनीं लावूं नये, आणि मोठ्यांनीं ती लावूं देऊं नये. मघाशीं राहिलेली गोष्ट ती हीच: 'हर हर गंगे' मोठ्यानें म्हणत असतांना श्वास कोंडतां येत नाहीं. घोष चालूं द्यावा.

एवढें करूनहि छाती फडफडूं लागली तर ताबडतोब पाण्याबाहेर यावें, खालीं बसावें, अंग कोरडें करून पांघरूण घ्यावें, आणि दुसऱ्या कोणास नाडी पाहावयास सांगावें. फडफड चालू असतांनाच ईसीजी निघाला तर निदान होतें. थांबल्यावर गेल्यास पुष्कळदां कागद निर्दोष निघतो व रोगी खोटा ठरतो. घेरी, छातींत कळ, धाप ह्यांपैकीं कांहीं असेल, किंवा तोंड वांकडें होणें, हात लुळा पडणें, बोलणें अडखळणें असें दिसेल, तर शेजाऱ्यांचा सल्ला न घेतां १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. आणि साठी उलटलेल्या माणसानें हिंवाळ्यांत न्हाणीघराचें दार नुसतें लोटून घ्यावें, आंतून कडी लावूं नये. कोणी आंत येईल असा संकोच वाटत असल्यास दाराबाहेर खुर्चीवर टॉवेल टाकून ठेवावा, म्हणजे घरच्यांस समजतें.